पीएचडी मास्तरांची सरकारी शाळा

एका सरकारी हायस्कुलात जर्मन शिकवणाऱ्या बाई शिकागो विद्यापीठाच्या पीएचडी. इंग्रजीच्या बाई रॅडक्लिफच्या पीएचडी. लॅटिनच्या बाईंनी साठी उलटल्यावर पॅरिसच्या सॉर्बनमधून डॉक्टरेट मिळवलेली. त्याआधी काही वर्षं इथेच शिकवून गेलेले एक सर हार्वर्डचे डॉक्टर! गंमत नाही, वॉशिंग्टन डी.सी. मधलं डनबार हायस्कूल शंभर वर्षांपूर्वी असं होतं. आणि तिथे फक्त काळ्या मुलांना प्रवेश होता.

सुरुवात १८७० ची. यादवी युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झालेली. एका चर्चच्या तळघरात काळ्या मुलांसाठी हायस्कूलचे वर्ग सुरू झाले. (तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, इकडे जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. काळ तोच.) १८९१ मध्ये एम स्ट्रीटवर इमारत झाली, १९१६ मध्ये आणखी मोठी झाली आणि तेव्हा पॉल लॉरेन्स डनबार या कवीचं नाव शाळेला मिळालं.

आता एवढे विद्वान एका शाळेत का जमले? उत्तर साधं आहे आणि कडू आहे. गोऱ्यांच्या विद्यापीठांत काळ्या प्राध्यापकाला नोकरी मिळणं जवळजवळ अशक्य होतं. राजधानीचं शहर थेट अमेरिकन काँग्रेसच्या अखत्यारीत असल्याने तिथे काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांचा पगार मात्र सारखा होता. मग हुशार माणसं तिकडे येणारच. १९२१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा तीन काळ्या स्त्रियांना पीएचडी मिळाली. त्यातल्या जॉर्जियाना सिम्प्सन आणि इव्हा डाइक्स या शाळेच्या शिक्षिका, आणि तिसऱ्या सेडी मॉसेल इथल्याच माजी विद्यार्थिनी. तिघीही एकाच शाळेशी बांधलेल्या!

अभ्यास कसला? तर लॅटिन, इतर भाषा, गणित, विज्ञान, म्हणजे सरळ कॉलेजची तयारी. यावरून भांडणंही झाली. काळ्या मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवावं, लॅटिन घेऊन ती काय करणार, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. १९०२ मध्ये मुख्याध्यापिका झालेल्या ॲना ज्युलिया कूपर यांनी ते ऐकलं नाही. बाई जन्मल्या त्याच मुळी गुलामगिरीत, १८५८ मध्ये. त्यांच्या कारकिर्दीत शाळेतली मुलं हार्वर्ड, येल, ब्राऊनला गेली. १९०६ मध्ये, गाजलेल्या वादानंतर, बोर्डाने त्यांची फेरनेमणूक केली नाही. बाई चार वर्षांनी परत आल्या, लॅटिन शिकवू लागल्या आणि १९२५ मध्ये त्यांना ती सॉर्बनची पदवी मिळाली.

शाळा नुसती पुस्तकी नव्हती, हेही सांगायला हवं. आपल्या एनसीसीसारखं कॅडेट पथक होतं आणि दरवर्षी कवायतीच्या चुरशीच्या स्पर्धा होत. त्याच पथकात कवायत केलेले बेंजामिन ओ. डेव्हिस १९४० मध्ये अमेरिकन सैन्यातले पहिले काळे जनरल झाले. एडविन हेंडरसन या व्यायामशिक्षकाने १९०४ मध्ये हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात बास्केटबॉल शिकून तो शहरातल्या काळ्या मुलांत आणला आणि १९०६ मध्ये शाळाशाळांच्या स्पर्धांसाठी संघटना उभी केली. चार्ल्स ड्रू १९२२ मध्ये इथून बाहेर पडला तो अष्टपैलू खेळाडू म्हणून. खेळाच्या जोरावर तो ॲमहर्स्ट कॉलेजात गेला, पुढे डॉक्टर झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात रक्तपेढीच्या कामात त्याचं नाव झालं.

इथवर सगळं छान वाटतं. पण याच शाळेतून १९११ मध्ये बाहेर पडलेला चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन वकील झाला आणि काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धच्या कायदेशीर लढाईची आखणी त्याने केली. १९५० मध्ये तो वारला. १७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाने त्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, वॉशिंग्टनच्या सुद्धा. त्यानंतर डनबार ही त्या त्या वस्तीतल्या मुलांची शाळा झाली. शहरभरातली निवडक मुलं येणं थांबलं, शिक्षकांना इतर दारं उघडली, आणि जुना दर्जा गेला. १९१६ ची इमारतही १९७७ मध्ये पाडली. शाळा मात्र आहे, २०१३ मध्ये तिला पुन्हा नवी इमारत मिळाली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादी सिस्टीम वर्षानुवर्षं मस्त चालते, पण ती नेमकी कशाच्या जोरावर चालत होती हे ती बंद पडल्यावरच कळतं. डनबारचं तसंच झालं. म्हणून काही लोक हळहळतात की जुनंच बरं होतं. मला हे पटत नाही. डनबार गाजत होती तेव्हाच शहरातल्या बाकीच्या काळ्या शाळांत इतकी गर्दी होती की मुलांना पाळ्यांमध्ये बसवावं लागे. १९४७ मध्ये तर पालकांनी एका शाळेवर बहिष्कारच घातला. गार्डनर बिशप हा न्हावी त्यांचा पुढारी. १९५४ चा वॉशिंग्टनचा निकाल त्याच लढ्यातून आला. बिशप आणि त्याच्यासारख्या पालकांना आपल्या मुलांसाठी साधी नीट शाळा हवी होती. डनबारच्या कीर्तीने त्यांचं पोट भरणार नव्हतं.

शिक्षक तिथे अडकून पडले, तो अन्याय होता. पण अडकल्यावर त्यांनी पाट्या टाकल्या नाहीत. मुलांना झेपणार नाही असं न म्हणता लॅटिन शिकवलं, कवायत घेतली, मैदानावर पळवलं. एवढं करायला कुणाची कोंडी करावी लागत नाही. चांगला पगार द्यावा लागतो, आणि समोरच्या मुलाला ते जमेल यावर विश्वास ठेवावा लागतो.