मुलताईचा घाला : टाळता आला असता का?

जामसांवलीच्या हनुमानाला येणाऱ्या भाविकांपैकी बरेच जण नागपूरहून येतात. सौंसर-पांढुर्ण्याचा आपला भाग आज मध्यप्रदेशात आहे, २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला आहे. पण आपली बोली, नातीगोती आणि बाजारहाट नागपूरशी जोडलेली राहिली. त्यामागे भोसल्यांचे राज्य आहे. त्या राज्याच्या अखेरच्या धामधुमीत आपल्या शेजारी, मुलताईजवळ, एक अचानक घाला पडला होता. सीताबर्डीची लढाई सर्वांना माहीत असते. मुलताईची हकीकत मात्र आपल्याच भागात फारशी सांगितली जात नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तिच्याविषयी थोडे लिहीत आहोत.

आधी सीताबर्डी पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. नागपूरचा रेसिडेंट जेंकिन्स तेव्हापासूनच सावध होता. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे भर दरबारात स्वीकारली. हा इशारा पुरेसा होता. दुसऱ्याच दिवशी जेंकिन्सने तेलंखेडीची फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणून बसवली. २६ च्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या तेव्हा इंग्रजांचे सुमारे चौदाशे लोक मोक्याच्या जागी होते. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या घरात होती. अरबांनी लहान टेकडी जिंकलीही, पण ती टिकली नाही. इंग्रजांचे ३६७ लोक मेले वा जखमी झाले, तरी २७ च्या दुपारपर्यंत लढाई त्यांच्या बाजूने संपली. आपला बेत भोसल्यांनी स्वतःच उघड केला आणि शत्रूला तयारीसाठी दोन दिवस दिले.

पुढे अप्पासाहेब कैद झाले. त्यांना अलाहाबादकडे नेत असताना, मे १८१८ मध्ये, जबलपूरच्या वाटेवरच्या एका मुक्कामातून शिपायाच्या वेशात ते निसटले. पहाऱ्यावरचे काही शिपाईही त्यांच्याबरोबर गेले. महादेवाच्या डोंगरात गोंड सरदार चैन शहाने त्यांना आसरा दिला. नोकरी सुटलेले अरब आणि इतर शिपाई त्यांच्याभोवती जमू लागले. जुलैपर्यंत त्यांच्या लोकांनी मुलताई घेतली. तिकडे कॅप्टन स्पार्क्स शंभरावर शिपायांची एक तुकडी घेऊन निघाला. समोर आलेला जमाव कितीतरी मोठा निघाला. तुकडीने उंचवट्याचा आसरा घेतला आणि काडतुसे संपेपर्यंत झुंज दिली. बोटांवर मोजण्याइतके लोक वाचले. मेलेले बहुतेक शिपाई याच देशातले, पोटासाठी कंपनीच्या चाकरीत गेलेले होते, हेही आपण विसरू नये.

हा घाला इंग्रजांना टाळता आला असता का? आम्हाला वाटते, आला असता. पहिली संधी पहाऱ्याची. ज्याच्या नावावर माणसे उभी राहतात अशा राजाला त्याच्याच मुलखाजवळून नेताना पहारेकरी फितवले जातात, हे कळायला हवे होते. दुसरी संधी मधल्या दोन महिन्यांची. अप्पासाहेब डोंगरात आहेत हे ठाऊक होते. कमी होती ती नेमक्या संख्येची आणि हालचालीची खबर. तिसरी संधी स्पार्क्सच्या कूचाची. पावसाळ्याच्या दिवसांत, घाटाच्या मुलखात, मागून कुमक येण्याआधी शंभर माणसे पुढे जायला नको होती.

नागपुरात रेसिडेंटजवळ दरबारातली बातमी पोचवणारी माणसे होती. मुलताईच्या रानात बातमी होती ती गोंडांच्या पाड्यांवर आणि गावच्या पाटलांकडे. ती माणसे साहेबाला सांगायला जात नव्हती, कारण त्यांच्या लेखी राजा अजून अप्पासाहेबच होता. फौज तीच, शस्त्रे तीच; पण रयत ज्याच्या बाजूला नाही त्याला पुढचे वळण दिसत नाही.

मात्र या विजयावर आपण फार फुशारकी मारू नये. मुलताई लवकरच परत गेली. एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड पडला, अप्पासाहेबांचा शेवट १८४० साली दूर जोधपुरात झाला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. आपल्या बाजूने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे सारे टाळता आले असते का? त्याचे उत्तर मुलताईत नाही, मे १८१६ च्या तैनाती फौजेच्या तहात आहे. घरातल्या वारसाच्या भांडणात आपली बाजू भक्कम करण्यासाठी अप्पासाहेबांनी परकी फौज नागपुरात आणून ठेवली. पुढच्याच वर्षी ती फौज सीताबर्डीवर चढली. बाहेरचा घाला अचानक पडतो, पण त्याला वाट बहुधा घरातूनच मिळालेली असते.

मुलताईची हकीकत आज आपण वाचतो ती मुख्यतः इंग्रजांच्या लेखणीतून. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा या भागातल्या जुन्या वाड्यांत मोडी कागद असतील, गोंड वस्त्यांत सांगोवांगीच्या कथा असतील. वाचकांना आमची विनंती आहे की, असे कागद रद्दीत घालू नयेत आणि म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले लिहून ठेवावे. त्या बाजूची हकीकत अजून लिहायची राहिली आहे.