करंडकलेख व धर्मग्रंथांतील व्यक्ति

धर्मग्रंथांत उल्लेखिलेली व्यक्ति ऐतिहासिक ठरविण्यास केवळ नामसादृश्य पुरेसें नसतें. सांची व सोनारी येथील स्तूपांवरून हें चांगलें दिसून येतें.

इ. स. १८५१ मध्यें कनिंगहॅम व मेसी ह्यांनीं सांचीच्या ३ ऱ्या स्तूपांतून दोन पाषाणपेटिका काढिल्या. त्यांच्या झांकणांवर ‘सारिपुतस’ व ‘महामोगलानस’ अशीं अक्षरें आहेत. त्रिपिटकांतील बुद्धाचे अग्रश्रावक ते हेच. परंतु हा स्तूप बुद्धानंतर कित्येक पिढ्यांनीं झालेला. तेव्हां ह्या लेखांवरून त्या काळची श्रद्धा सिद्ध होते, अस्थींची ओळख नव्हे.

सोनारीचा पुरावा अधिक बलवत्तर आहे. तेथील करंडकांवर मझिम व सर्व हिमवंताचा आचार्य कासपगोत हीं नांवें मिळालीं. सिंहलद्वीपाच्या दीपवंसांत हिमालयाकडे गेलेल्या धर्मोपदेशकांत हींच नांवें येतात. तो ग्रंथ कित्येक शतकें मागाहूनचा, व करंडक स्तूपाच्या उदरांत पुरलेले. सबब दोन्ही साक्षी स्वतंत्र होत. त्याच परंपरेंत महारट्ठास गेलेल्या महाधम्मरक्खिताचें नांव मात्र ह्या करंडकांवर नाहीं. त्यास हा पुरावा लावितां येत नाहीं.

उलटपक्षीं, सांचीच्या २ ऱ्या स्तूपांतील ‘मोगलिपुत’ हा अशोककालीन मोग्गलिपुत्त तिस्स असें कनिंगहॅम मानीत. पण अंधेर येथील करंडकलेखांत मोगलिपुत हा गोतिपुताचा अंतेवासी म्हटला आहे. तिस्साचा गुरु तर परंपरेनें सिग्गव.

म्हणून संग्राहकांनीं नांव वाचतांच व्यक्ति सांपडली असें न मानतां गोत्र, गुरु व उपाधि हीं आधीं ताडून पाहावीं.