डांगचा प्रश्न आणि प्रदेशनिष्ठेचे मापन

एखाद्या जनसमूहाची आपल्या भूमीविषयीची आपुलकी मोजता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या मापाने, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर तो एकदा अत्यंत व्यावहारिक स्वरूपात उपस्थित झाला होता. सुरगाणा व बागलाण हे तालुके ओलांडले की डांगचे अरण्य लागते. कोकणा, वारली व भिल्ल या लोकांची वस्ती या सीमेच्या दोन्ही अंगांस आहे.

मुंबई राज्याच्या भाषिक विभागणीची चर्चा सुरू झाली, तेव्हा डांग कोणाचा हा वाद उत्पन्न झाला. १९४९ साली मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला आणि तेथील बोली गुजरातीस जवळची असल्याचे मत दिले. १९५१ च्या जनगणनेत बहुसंख्य डांगवासीयांची मातृभाषा गुजराती अशी नोंदली गेली. महाराष्ट्राच्या कैवाऱ्यांनी ही नोंद अमान्य केली व तीच बोली मराठीची असल्याचे प्रतिपादन केले. ग्रिअर्सन यांनी मात्र आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात डांगीचा समावेश खानदेशीखाली केला होता. बोली तीच, नावे तीन. यावरून असे दिसते की, जनगणनेचा आकडा हा जितका उत्तर देणाऱ्याचा असतो, तितकाच रकाने आखणाऱ्याचाही असतो.

या बाबतीत युरोपातील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. पोलंडच्या १९३१ च्या जनगणनेत पोलेसी प्रांतातील सात लक्षांहून अधिक लोकांची भाषा केवळ ‘इथली’ अशी नोंदली गेली. दुसरे उदाहरण कारिंथियाचे. तेथील दक्षिण विभागात सुमारे सत्तर टक्के लोक स्लोव्हेन बोलणारे होते. तथापि १० ऑक्टोबर १९२० च्या सार्वमतात ५९ टक्के मते ऑस्ट्रियाच्या बाजूने पडली. तात्पर्य, भाषा व प्रदेशनिष्ठा यांचा संबंध निकटचा असला, तरी एकीवरून दुसरीचे अनुमान निरपवादपणे करता येत नाही. डांगच्या वादात मात्र उभय पक्षांनी हेच अनुमान गृहीत धरले होते. डांगमध्ये सार्वमत झाले नाही. १ मे १९६० रोजी तो गुजरात राज्यात समाविष्ट झाला.

पुढील काळात समाजशास्त्रज्ञांनी अधिक सूक्ष्म साधन योजले. स्पेनमध्ये लिंझ यांनी व स्कॉटलंडमध्ये १९८६ साली मोरेनो यांनी ‘केवळ प्रादेशिक’ येथपासून ‘केवळ राष्ट्रीय’ येथपर्यंत पाच पायऱ्यांचे उत्तर मान्य केले. निष्ठा एकाच वेळी अनेक असू शकतात, हे त्यामुळे आकड्यांत उतरले. परंतु त्या पायऱ्याही संशोधकच आखतो, हा मूळ दोष उरतोच.

आपल्याकडे इरावती कर्वे यांनी निराळा मार्ग दाखविला. ज्या भूमीतील लोक पंढरीच्या वारीस जातात ती भूमी महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना वारीत सुचली. येथे उक्तीऐवजी कृती हे माप ठरते. तेच माप कळवण तालुक्यातील सप्तशृंगीस लावून पाहावे. तेथील यात्रेस खानदेशातून येतात तसे गुजरातेतूनही भाविक येतात. या देवीचे क्षेत्र राज्याच्या सीमेशी जुळत नाही. अर्थात देवीची भक्ती म्हणजे राज्याची निष्ठा नव्हे, आणि कृतीचा अर्थही अखेर अभ्यासकच लावतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून सीमाभागाच्या अभ्यासकाने एका मापावर विसंबू नये. जनगणनेबरोबर सोयरीक कोणत्या गावांशी होते, आठवड्याचा बाजार कोठे केला जातो, नवस कोठे फेडला जातो, यांची गावनिहाय नोंद घ्यावी. आणि मुख्य म्हणजे, ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या शब्दांत मिळेल त्याच शब्दांत प्रथम लिहून घ्यावे. वर्गीकरण मागाहून करावे. डांगच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा झाला होता.