घाटावरच्या मोटारी आणि त्यांची धुराडी

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या मुलखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग बोलता बोलता सहज पाडतो, त्यांत केवळ भूगोल नाही. यंत्र कोणत्या वाटेने येथे आले याचा इतिहासही त्यांत साठवलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1867 मध्ये नागपुरास पोहोचला तो मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांना धरून; आणि कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे आठ मैलांचा फाटा 1870 मध्ये उघडला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभास हजर होते. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या वरच्या कसब्यांच्या वाट्यास मात्र रूळ आले नाहीत, आणि खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी पिढ्यानुपिढ्या अर्जांतच राहिली. त्यातच 1905 च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडले गेले. म्हणजे जिल्ह्याची कचेरी वर आणि कापसाची पेठ खाली, अशी स्थिती झाली, आणि वकील, पक्षकार, व्यापारी व अंमलदार या सर्वांना घाट चढणे-उतरणे अपरिहार्य झाले.

मोटारीने ही उणीव भरून काढली खरी, परंतु घाटाने तिच्याकडून त्याचे मोल वसूल केले. राजूर घाटाने किंवा बोथ्याच्या जंगलातून भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये दीर्घकाळ चढत राहिली की इंजिनावरील भाराबरोबर सिलिंडरांतून सुटणाऱ्या वायूची उष्णताही वाढते. मॅनिफोल्ड आणि नळी यांच्यामधील पॅकिंग जळते, खाचखळग्यांच्या हादऱ्यांनी सायलेन्सर पट्टीपासून निखळतो, आणि ज्वलनातून निघालेली वाफ थंड नळीत थिजून पत्र्याला आतून गंज चढविते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिल्टन रीव्ह्ज आणि त्याचा भाऊ यांनी 1897 मध्ये पेटंट घेतलेल्या सायलेन्सराचे तत्त्व, म्हणजे दाबाखाली सुटणाऱ्या वायूला प्रसरणासाठी जागा देऊन त्याचा आघात शमविणे, सोपे होते. परंतु तो डबा फुटल्यावर सुटा भाग कोठून आणावयाचा, हा घाटावरचा खरा प्रश्न होता. जेथे मालाची वाट दूर, तेथे दुरुस्तीची विद्या दाराशी यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाने या विद्येला अधिकच धार आणली. 1941 मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसविल्या जाऊ लागल्या; अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशापासून निघणारा ज्वलनशील वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडावयाचा, अशी ती योजना. शक्ती घटे, चढावर उतारूंना खाली उतरून गाडी लोटावी लागे. तरीही माझ्या मते त्या काळाचे मोठे देणे असे की, मोटार ही कारखान्यातून जशी आली तशीच वापरण्याची वस्तू आहे हा समज मोडला. पत्रा, नळी आणि जोड यांची रीत अंगवळणी पडलेला मनुष्य पुढे विहिरीवरील तेलाच्या इंजिनाचे, पिठाच्या गिरणीचे आणि जीपचे धुराडे त्याच आत्मविश्वासाने बसवू लागला.

घरच्या अंगणात सायलेन्सर बदलण्याची जी रीत आजही पाहावयास मिळते, तिच्यात ही परंपरा स्पष्ट दिसते. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवावयाचे. गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता तिच्याखाली भक्कम ओंडके द्यावयाचे, कारण या एका हयगयीने माणसे दगावली आहेत. नवी नळी आधी सगळ्या जोडांवर सैल बसवून, रबरी कड्यांत लोंबवून, अ‍ॅक्सल आणि तळाच्या पत्र्यापासून तिचे अंतर पाहून मगच पुढून मागे क्रमाने पाना फिरवावयाचा. शेवटी इंजिन उघड्यावर सुरू करून प्रत्येक जोडाशी साबणाचे पाणी लावावयाचे. बुडबुडा आला की पॅकिंग पुन्हा. ज्या वायूला रंग नाही, वास नाही, तो बंद जागेत जीव घेतो, म्हणून ही शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कायद्याने या कसबाला मर्यादा घातल्या त्या उचितच होत. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने धूर व आवाज यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. 1988 च्या कायद्याच्या 52 व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मज्जाव केला, आणि 1989 च्या केंद्रीय नियमांतील 120 व्या नियमाने सायलेन्सर सक्तीचा केला. आवाज शमविण्यासाठी जन्मलेले साधन आवाज वाढविण्यासाठी बदलून घेणाऱ्या तरुणांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांच्या गावात याच वस्तूसाठी केवढे कष्ट झाले हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांत तर धुराड्याच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि प्राणवायू मोजणारे सेन्सर असतात, व ते काढले तर इंजिनाचे इंधनाचे गणित बिघडते; म्हणून जाणते मिस्त्री त्या भागास हात न लावता मागील जोडापासूनच नवा सायलेन्सर बसवितात, आणि तोही मूळ मापाच्याच नळीचा.