तळटीप : ‘२९३’ पेशी
हा आकडा मूळ मजकुरात नुसताच येतो, त्यामुळे तो कुठल्या कपाटाचा क्रमांक वाटण्याचा संभव आहे. तो आहे प्रयोगाचा क्रमांक. नेदरलँड्समधल्या लायडन येथे १९७३ साली फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातील पेशींत एका विषाणूचा डीएनए घातला. त्यांचा तो २९३वा प्रयोग. त्या पेशींचा वंश अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. ३७ अंश सेल्सिअसची ऊब आणि लालसर पोषकद्रव मिळाला की त्या खूश. द्रव पिवळट दिसू लागला, की तो बदलायची वेळ झाली असे समजावे.

जानेवारी २०१३ मध्ये फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या संशोधक-गटांनी जनुके बदलण्याचे ‘क्रिस्पर’ हे तंत्र मानवी पेशींतही चालते हे दाखवले, ते याच कुळातल्या पेशी वापरून. क्रिस्परला ‘कात्री’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती अर्धीच खरी. साधारण २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए जागा शोधतो, कॅस९ हे प्रथिन तिथे डीएनए कापते, आणि पुढचे काम पेशी स्वतःच उरकते. घाईघाईने टोके जोडताना एखाददुसरे अक्षर गळते किंवा जादा घुसते आणि बहुधा जनुक निकामी होते.

एक मेख मात्र आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या पेशींत बहुधा साठाहून अधिक. एकाच जनुकाच्या तीन-तीन प्रती सापडतात. दोन कापल्या आणि तिसरी शाबूत राहिली, तर प्रथिन बनतच राहते. — संपादक