नाशिक व्हॅली वाईन

नाशिक व्हॅली वाईन ही महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात पिकणाऱ्या द्राक्षांपासून तयार होणारी, भौगोलिक मानांकन लाभलेली वाईन आहे. नाशिक उष्ण कटिबंधात येत असले, तरी तेथे वेलींची छाटणी अशा वेळी केली जाते, की फळ हिवाळ्यात पक्व होते. त्यामुळे शीत प्रदेशांतील वाईनमध्ये आढळणारी आंबटगोड चव व सुगंध काही प्रमाणात येथील वाईनमध्येही उतरतात. येथील थंडी अक्षांशामुळे नव्हे, तर हंगामाच्या निवडीमुळे मिळते, हे या वाईनचे वेगळेपण होय.

भूगोल व हवामान

नाशिक सह्याद्रीच्या पूर्वेस, सुमारे २०° उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसले आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडील निफाड व चांदवड तालुके पर्जन्यछायेत येतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र राहते, दिवसा भरपूर ऊन पडते आणि रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. निफाड परिसरात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद वारंवार होते.

येथील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. गोदावरी, कादवा, दारणा या नद्यांच्या काठी खोल काळी माती आढळते. ती पाणी धरून ठेवते व त्यामुळे वेल माजते. चढावरच्या मुरमाड, उथळ जमिनीत पाण्याचा निचरा लवकर होतो. तेथे मणी लहान राहतात, रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण वाढते आणि रंग व चव दाट होते. म्हणून वाईनच्या द्राक्षांसाठी अशी हलकी जमीन अधिक योग्य मानली जाते. माती, उतार, पाणी व हवामान यांच्या एकत्रित प्रभावाला फ्रेंच भाषेत ‘तेर्वार’ म्हणतात.

दुहेरी छाटणी

जर्मनीतील मोझेल, फ्रान्समधील शांपेन किंवा न्यूझीलंडमधील मार्लबरो या शीत प्रदेशांत वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि शरदात फळ देते. नाशिकची वेल अशी विश्रांती घेत नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नव्या फुटव्यांवर सूक्ष्मघड तयार होतात व पावसाळ्यात काडी पक्व होते. या हंगामात फळ घेतले जात नाही. पावसाळा सरताना, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी (गोडी छाटणी) केली जाते. हिवाळ्यात मण्यांत पाणी उतरते आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते.

युरोपात फळ पिकत असताना हवा थंड होत जाते, तर नाशिकमध्ये फेब्रुवारीनंतर ती तापत जाते. उष्णतेने मण्यांतील आम्लता झपाट्याने घटते व साखर वाढते. त्यामुळे तोडणीस काही दिवसांचा उशीर झाला, तरी वाईन बोथट होते. पांढऱ्या वाणांची तोडणी आधी व तांबड्या वाणांची नंतर होते. घड हाताने, शक्यतो पहाटेच्या गारव्यात तोडून तत्काळ कारखान्यात नेले जातात.

कडाक्याच्या थंडीत खाण्याच्या द्राक्षांचे मणी तडकतात. त्यामुळे त्या बागांत शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात व पहाटे पाणी देतात. वाईनच्या द्राक्षांना मात्र रात्रीचा गारवा उपकारक ठरतो.

वाण

पांढऱ्या वाईनसाठी प्रामुख्याने शेनॅं ब्लां व सोविन्यों ब्लां, तर तांबड्या वाईनसाठी शिराज, काबर्ने सोविन्यों व झिन्फंडेल हे वाण लावले जातात. क्षारयुक्त पाणी व अवर्षण यांना तोंड देण्यासाठी कलमे बहुधा डॉगरिजसारख्या खुंटावर बांधली जातात. पाणी ठिबक सिंचनाने दिले जाते. ताज्या फळांच्या बाजारात चालणारे थॉमसन सीडलेस हे बिनबियांचे वाण वेगळ्या प्रयोजनाचे आहे.

इतिहास

महाराष्ट्रातील आधुनिक वाईन उद्योगाचा आरंभ १९८० च्या दशकात झाला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाईन तयार केली. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे ‘पिंपेन’ हा सहकारी प्रयत्न झाला.

राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ सोविन्यों ब्लां व शेनॅं ब्लां यांची लागवड केली. १९९९ मध्ये सुला विनयार्ड्सची स्थापना झाली आणि २००० मध्ये तिची पहिली वाईन बाजारात आली. कंपनीचे नाव सामंत यांच्या आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतलेले आहे. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून करसवलती दिल्या. त्यानुसार नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारण्यात आले. पुढे दिंडोरी, निफाड व इगतपुरी तालुक्यांत अनेक कारखाने सुरू झाले. फ्रेंच शाँदों कंपनीने दिंडोरी तालुक्यात फेसाळ वाईनचे उत्पादन सुरू केले. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाण, खुंट व वाईननिर्मितीवर संशोधन चालते.

भौगोलिक मानांकन

भौगोलिक मानांकन कायदा, १९९९ अन्वये ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाची नोंदणी झाली आहे. नाशिकच्या द्राक्षांना व बीडच्या सीताफळांनाही याच कायद्याखाली मानांकन मिळाले आहे. मानांकनामुळे ठरावीक क्षेत्राबाहेरील उत्पादनास ते नाव वापरता येत नाही. मात्र ते संपूर्ण प्रदेशाचे असते. एकाच जिल्ह्यातील नदीकाठची बाग आणि मुरमाड चढावरची बाग यांतील फरक त्यातून व्यक्त होत नाही. तो दाखवण्यासाठी द्राक्षे बागेनुसार वेगळी ठेवून त्यांची वाईन स्वतंत्रपणे बाटलीबंद करावी लागते.

समस्या

फळछाटणीनंतर पाऊस लांबल्यास केवडा व करपा, तर पुढे भुरी या रोगांचा प्रादुर्भाव होतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यातील द्राक्षबागांची मोठी हानी केली. हिवाळा सौम्य झाल्यास फळ लवकर पिकते व आम्लता घटते. हंगामाच्या गारव्यावर उभ्या असलेल्या या उद्योगाच्या दृष्टीने हा सर्वांत मूलभूत धोका आहे.

वाईनच्या द्राक्षांचे मणी लहान, जाड सालीचे व बियांचे असल्याने त्यांना खाण्यासाठी मागणी नसते. लागवड बहुधा कंपन्यांशी केलेल्या करारावर होते. कारखान्याने माल न उचलल्यास शेतकऱ्यास दुसरा खरेदीदार मिळणे कठीण असते. २००८ नंतरच्या मंदीत वाईनची विक्री घटली, तेव्हा अनेकांनी वेली उपटल्या किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांची कलमे केली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. शेतकऱ्यांचा लाभ हे त्याचे समर्थन होते, तर व्यसनवाढीची भीती हा विरोधाचा मुख्य मुद्दा होता.

हेही पहा

द्राक्ष
नाशिक जिल्हा
भौगोलिक मानांकन