पासवर्ड कुणाला हवाय?

आजची गोष्ट एका बंद झिप फाइलची.

गेल्या महिन्यात मी आणि माझा रूममेट एका सीटीएफमध्ये उतरलो होतो. सीटीएफ म्हणजे सायबर सुरक्षेची कोडी सोडवायची स्पर्धा. एका कोड्यात पासवर्ड लावलेली झिप मिळाली. आत दोन फाइली, एक पीएनजी चित्र आणि एक टेक्स्ट. आम्ही नेहमीच्या पासवर्डची भली मोठी यादी लावून दिली. लॅपटॉपचा पंखा रात्रभर घोंघावला, हाती काही नाही.

पहाटे चहा घेताना पुन्हा नीट बघितलं. फाइली उघडत नसल्या तरी त्यांची नावं आणि आकार दिसतात. चित्र कॉम्प्रेस न करता तसंच ठेवलेलं होतं. आणि कुठल्याही पीएनजीचे पहिले १६ बाइट तेच असतात!

हे का महत्त्वाचं? त्यासाठी १९८९ मध्ये जाऊ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा फिल कॅट्झ एआरसी फॉरमॅटवरून कोर्टकज्जात अडकला होता. मग त्याने स्वतःचा झिप फॉरमॅट काढला आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली ठेवली. म्हणून तर झिप जगभर पसरली. त्यातलं कुलूप रॉजर श्लाफ्ली यांनी आखलं.

हे कुलूप चालतं कसं? आत ३२ बिटांचे तीन आकडे असतात, म्हणजे एकूण ९६ बिट. पासवर्डचं प्रत्येक अक्षर ते आकडे घुसळतं, नंतर फाइलचा प्रत्येक बाइटही घुसळतो. १९९४ मध्ये एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी दाखवलं, की मूळ मजकुराचा छोटा तुकडा माहीत असला तर उलटं चालत त्या तीन आकड्यांपर्यंत पोचता येतं. पासवर्ड लागतच नाही. आजच्या टूल्सना १२ बाइट पुरतात. आमच्याकडे तर १६ होते. थोड्या वेळात आकडे सापडले. दोन्ही फाइलींना पासवर्ड एकच, त्यामुळे टेक्स्टही उघडली.

गुण मिळाले, पण आनंद फार टिकला नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी त्यांचे रिपोर्ट आणि आधारचा स्कॅन झिप करून मेलवर पाठवले होते. वीस अक्षरी पासवर्ड लावला होता, आणि त्याचा मला केवढा अभिमान! जुनी झिप काढून तपासली. एन्क्रिप्शनच्या जागी लिहिलं होतं, झिपक्रिप्टो. तेच जुनं कुलूप. तेव्हा आम्ही दोघं शाळेतही जात नव्हतो, इतकी जुनी चूक!

म्हणजे किल्ली लांबलचक होती हो, पण कुलूपच कच्चं. २००३ पासून झिपमध्ये एईएस मिळतं, पण सगळीकडे उघडावी म्हणून कित्येक टूल्स अजून जुनंच पुढे करतात. त्यामुळे पुढच्या वेळी पासवर्ड टाकण्याआधी त्याच्या शेजारचा पर्याय बघा आणि एईएस-२५६ निवडा. नावं तरीही दिसतील, तेव्हा फाइलचं नावही जपून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!